अंगाला लागलेलं

हे लिहायला बसलेय तेव्हा माझं वजन पन्नास किलो आहे. कृपा करून कुणी अभिनंदन करू नका. लालबागच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की आधी माझे गाल बघतं आणि मग सुरू होतं, "अगंबाई वंदना, किती छान भरलीस गं! काय खातेस?" एकदा अगदी जिभेवर आलं होतं, 'आईला खाल्लं.' समोरची बाई बिचारी कोथिंबिरीची जुडी हातात धरून हसत होती, म्हणून गिळलं.

आमच्या हॉस्पिटलातल्या डाएटिशियन मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहा, नवीन पेशंटना धीर येईल." धीर माझ्याकडे फारसा शिल्लक नाही. जे झालं ते सांगते. ज्याला त्यातलं जे उपयोगी पडेल ते त्याने घ्यावं.

बारीक होण्याचं कौतुक

मी लोअर परळच्या एका ऑफिसात विम्याच्या क्लेमचं काम करते. वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही. आई आणि मी, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. बाबा गिरणीत होते, मी कॉलेजात असताना गेले. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि भिंतीपलीकडे शुभाकाकी. आमच्या घरात आज कोणती डाळ शिजतेय हे तिला आमच्याआधी कळतं.

वजन उतरायला लागलं तेव्हा मी खूश होते, खोटं कशाला बोलू. ऑफिसातल्या पोरी मनगटाला ती डिजिटल घड्याळं बांधून आज किती कॅलरी जाळल्या ते एकमेकींना दाखवायच्या. कुणी लिफ्ट सोडून जिन्याने यायची, कुणी जेवल्यावर पॅसेजमध्ये फेऱ्या मारायची. मी काही न करता बसल्या जागी बारीक होत होते. सगळ्या विचारायच्या, मॅडम, कुठलं डाएट? मी आपलं काहीतरी ठोकून द्यायचे. एक साइज लहान कुर्ते घेतले. मग आणखी एक साइज लहान.

आई तेवढी खूश नव्हती. रोज रात्रीच्या जेवणाला तिचं एकच पालुपद, "खाल्लेलं तुझ्या अंगाला लागत नाही गो." मी म्हणायचे, "आई, दृष्ट लावू नकोस." मग पोटात कळा यायला लागल्या. चार घास खाल्ले की पोट टम्म फुगायचं. संध्याकाळी बारीक ताप यायचा. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिले, आणि आई माझ्या ताटाकडे बघत राहिली. कुठल्याही डॉक्टरच्या आधी तिला कळलं होतं, हे मला आज मान्य आहे.

क्षय

परळच्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट सांगायला जे डॉक्टर होते ते तरुण होते, त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. एके ठिकाणी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. म्हणाले, "ही जागा आवळली गेलीय. टीबी आहे."

"मला खोकला नाही हो," मी म्हटलं. अगदी भांडायच्या सुरात.

"पोटाचाही होतो."

आईने विचारलं, "म्हणजे क्षय?" ते म्हणाले, "हो, आजी, तोच." आईने पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. मी बघितलंय हे तिला कळलं होतं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पण आवळलेली जागा गोळ्यांनी सुटण्यातली नव्हती, तेवढा तुकडा कापून काढावा लागणार होता. आणि माझं वजन होतं चौतीस. डॉक्टर म्हणाले, या अंगाला मी हात लावणार नाही, टाके भरून येणार नाहीत, चाळीस करा. तोपर्यंत ती जागा पूर्ण बंद झाली तर? मी विचारलं. ते म्हणाले, "म्हणून लवकर करा."

बाहेर आल्यावर फुटपाथवरच, वडापावच्या गाडीच्या कडेला बसून मी भर रस्त्यात रडले, मोठ्याने. लोक बघत होते. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "क्षय म्हणजे झिजणं. झिजलंय ते भरून काढायचं, एवढंच ना? सहा किलो म्हणजे केवढं गो! गणपतीला आपण तेवढं पीठ दळून आणतो." आणि मला उठवून टॅक्सीत घातलं. त्या दिवसापासून आमच्या घरात 'चाळीस' या आकड्याशिवाय दुसरी गोष्ट उरली नाही.

पडून राहण्याचा खर्च

पहिले काही आठवडे वॉर्डात काढले. तिथेच मॅडम भेटल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या, केसांत पेन खोचलेलं. त्यांनी उंची मोजली, वजन घेतलं, वय विचारलं आणि मोबाइलवर काहीतरी गुणाकार केला.

"काय करताय?" मी विचारलं.

"तुम्ही दिवसाला किती कॅलरी जाळता त्याचा अंदाज काढतेय."

मला हसू आलं. "अहो, मी नुसती पडून असते. मी काय जाळणार?"

"पडून राहायलाही खर्च येतो ना, ताई. हृदय चालतंय, श्वास चालतोय, अंग गरम राहतंय. गॅस बारीक ठेवला म्हणून सिलिंडर संपायचा राहतो का? निम्म्याहून जास्त खर्च नुसता जिवंत राहण्याचाच असतो. त्यावर दिवसभराच्या हालचालीचं गुणायचं. मग आजाराचं वर चढवायचं. तुम्हाला रोज ताप येतो, त्याचं अजून वेगळं."

म्हणजे मी कॉटवर पडल्या पडल्या जळत होते. ऑफिसातल्या पोरी जिने चढून जे करत होत्या ते माझा ताप मला झोपवून करत होता. आलेल्या आकड्यावर मॅडमनी वजन वाढायचं म्हणून आणखी थोडं चढवलं आणि म्हणाल्या, "एवढं रोज आत गेलं पाहिजे. पण हा अंदाजच आहे हं. खरं काय ते काटा सांगेल."

सांगायला सोपं होतं. माझ्या आतड्यातून जाडंभरडं काही जायचं नाही. सगळं मऊ, पातळ, गाळलेलं, दर दोन तासांनी थोडं थोडं. हॉस्पिटलची खिचडी बघूनच मला उलटी व्हायची. मग आईने पेज सुरू केली. गावच्या उकड्या तांदळाची, ऊन ऊन, मलमलच्या फडक्यातून गाळून काढलेली. तिने त्यात एकदाही शीत येऊ दिलं नाही. वर तुपाचा थेंब आणि मॅडमनी दिलेली पावडर. सकाळ-संध्याकाळ लालबागहून परळपर्यंत डबा घेऊन पायी यायची. बसने ये म्हटलं तर म्हणायची, "बसची वाट बघेपर्यंत मी पोचते."

आजारी माणसाला वेळ फार असतो. मला त्या अंदाजांचा नादच लागला. मॅडमकडून सगळं नीट विचारून घेतलं आणि औषधाच्या रिकाम्या पाकिटांवर मी अख्ख्या वॉर्डाचे आकडे काढायला लागले. वॉर्डातल्या मावशी, दिवसभर ढकलगाडी ओढणाऱ्या, त्यांचा भरपूर. राउंडला येणारे मोठे सर, चालतात कमी आणि ओरडतात जास्त, त्यांचा बेताचा. ओरडण्याचं किती धरायचं म्हणून मी मॅडमना विचारलं, तर त्या इतक्या हसल्या की केसांतलं पेन पडलं. भीती वाटायची तेव्हा मी हेच करायचे. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि तो काटा चौतीस, चौतीस, चौतीस म्हणायचा. अशा वेळी दुसऱ्याचा हिशोब बरा वाटतो.

घरीच असते

एकदा आई डबा घेऊन आली आणि मॅडम तिथेच होत्या. मी म्हटलं, "मॅडम, हिचं पण काढा ना."

"आजी, दिवसभरात काय काय कामं करता?"

"मी?" आई अगदी गोंधळली. "मी काय करणार, घरीच असते."

मॅडमनी लिहिलं, 'बैठं'. मला इतकं हसू फुटलं की पोट धरावं लागलं. बैठं! सकाळी पाणी येतं तेव्हा पिंपं भरणारी, तीन जिने उतरून बाजार करणारी, पेज शिजवून घोटून गाळणारी, परळच्या फेऱ्या मारणारी, परत जाऊन माझे कपडे हाताने धुणारी, कारण मशीनमध्ये जंतू राहतात असा तिचा शोध होता. मी एकेक सांगत गेले आणि मॅडम एकेक लिहीत गेल्या. आई माझ्यावर डोळे वटारत होती. "उगाच काय गो! घरातलं काम ते काय काम झालं?"

मॅडमनी पुन्हा गुणाकार केला. "आजी, तुम्ही तर ताईंपेक्षा कितीतरी जास्त जाळता!"

आईचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखी म्हणाली, "अगो बाय, एवढं खाते मी?"

"नाही हो, आजी! एवढं खायला पाहिजे."

"खाते की. आत्ताच माझं झालंय."

मॅडम म्हणाल्या, "या, तुम्हीपण उभ्या राहा काट्यावर." आई म्हणाली, चपला काढाव्या लागतील, पुढच्या वेळी बघू. आणि डबा आवरून निघाली. आम्ही दोघी हसत होतो. तो दिवस माझ्या सगळ्या आजारपणातला सगळ्यात चांगला दिवस होता आणि आता मला तोच आठवायचा नसतो.

माझं झालंय

मला घरी सोडलं. दर आठवड्याला जाऊन वजन करायचं, गोळ्या, पेज, मऊ भात, पुन्हा पेज. घरी आल्यावर मला आई सबंध दिवस दिसायला लागली. ती माझ्याबरोबर जेवत नव्हती. आधी मला भरवायची, मी ओकले तर पुसायची, पुन्हा भरवायची. मी विचारलं, तू? की ठरलेलं उत्तर, "माझं झालंय." कधी जेवलीस? "तू झोपली होतीस तेव्हा." मी झोपायचेच खूप, त्यामुळे ते खरं वाटायचं.

पण तिच्या हातातली सोन्याची बांगडी कोपरापर्यंत जायला लागली. एक दिवस बघते तर बांगडीला आतल्या बाजूने दोरा गुंडाळलेला, निसटू नये म्हणून. मी म्हटलं, "आई, हे काय? वाळतेयस तू."

"वय झालं. वाळणारच."

"तुझी साखर तपासली का?"

"गोळी घेते ना."

"मग आत्ता माझ्यासमोर अर्धं अंडं खा."

"आज सोमवार."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, मंगळवारी ती देवीचा धरते. मग चतुर्थी निघाली. मग गुरुवार. मी चिडून म्हटलं, "आई, आठवड्यात एखादा वार तरी जेवणाचा ठेवलायस का?" ती हसली. पुढे बसली, दोन घास माझ्यासमोर खाल्ले, आणि म्हणाली, "बस झालं समाधान? आता तू गिळ."

मग माझा काटा हलला. छत्तीस. पेज पोटात टिकायला लागली, ताप उतरला. सदतीस झालं तेव्हा आईने गॅलरीत जाऊन शुभाकाकीला ओरडून सांगितलं, पोरगी पास झाल्यासारखं. माझ्या गालावर बोट दाबून बघायची आणि म्हणायची, "लागतंय. अंगाला लागतंय." तिच्या तोंडावर तेव्हा जो आनंद असायचा तो मी पुन्हा कुणाच्या तोंडावर बघितला नाही.

चाळीसच्या जरासं वर गेले आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

शीत

ऑपरेशन नीट झालं. आवळलेला तुकडा काढला, टाके पडले. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत आई आली. माझ्या नाकात नळी, तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली. मी कसंबसं विचारलं, "जेवलीस?"

"माझं झालंय," आई म्हणाली. कपाळावर हात ठेवला, माझे केस मागे सारले. जाताना दारातून वळून पुन्हा बघितलं. एवढंच. मी तिला नीट बघूनही घेतलं नाही, माझे डोळे मिटत होते.

त्यानंतर ती आली नाही. शुभाकाकी आली. म्हणाली, आईला ताप आहे, तुला इन्फेक्शन होईल म्हणून येत नाही. मला पटलं. नर्स, मॅडम, सगळ्यांनी तेच सांगितलं. मॅडम सांगताना खिडकीकडे बघत होत्या, ते मला पुढे आठवलं.

मग नळी निघाली आणि पातळ खायची परवानगी मिळाली. काकीने डबा उघडला. तोच स्टीलचा डबा, तोच उकड्या तांदळाचा वास. मला भूक लागली होती, कितीतरी महिन्यांनी खरी भूक. पहिला चमचा तोंडात घेतला आणि जिभेवर शीत लागलं.

भाताचं एक शीत. बाकी काही नाही. मी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "काकी, पेज कुणी गाळली?"

ती म्हणाली, "आईनेच."

"काकी, आई कुठे आहे?"

काकीने डब्याचं झाकण लावलं. मग ती माझ्या कॉटच्या लोखंडी दांड्याला धरून रडायला लागली. टाक्यांमुळे मला मोठ्याने रडता येत नव्हतं. पोटाला उशी दाबून धरायची आणि श्वास बारीक सोडायचा, असं नर्सने खोकल्यासाठी शिकवलं होतं. मी आईसाठी तसं रडले.

मला भेटून ती घरी गेली होती. काकीला म्हणाली, जरा पाठ टेकते. चटई टाकून झोपली. संध्याकाळी काकी चहा घेऊन गेली तेव्हा ती उठली नाही. मी वॉर्डात असतानाच सगळं उरकलं. तिच्या पुतण्याने अग्नी दिला. मी तिचं तोंडही बघितलं नाही.

म्हाराजा

घरी आल्यावर काकीने सांगितलं. आधी सांगत नव्हती, मी तिचा पिच्छा सोडला नाही म्हणून बोलली.

निदान झालं त्याच संध्याकाळी आईने देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलं होतं, आमच्या गावी घालतात तसं, मोठ्याने बोलून. 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणीतरी लागतं म्हणून तिने काकीला बोलावलं होतं. गावची भाषा आई एरवी बोलायची नाही, देवाशी मात्र तीच बोलायची. म्हणाली, "बा देवा म्हाराजा, माझ्या अंगावरचा उतरांदे आणि माझ्या चेडवाच्या अंगाक लागांदे. तिचा आपरेशन होईसर मी एक येळच जेवतलय." माझ्या अंगावरचं उतरू दे आणि माझ्या मुलीच्या अंगाला लागू दे, तिचं ऑपरेशन होईपर्यंत मी एकच वेळ जेवीन. आणि काकी म्हणाली होती, "व्हय म्हाराजा."

मी काकीवर ओरडले. इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. साखरेच्या गोळ्या खाणारी बाई, सत्तरी ओलांडलेली, दिवसभर जिने चढणारी, आणि तुम्ही व्हय म्हाराजा म्हणालात? काकी म्हणाली, "तू मरत होतीस गो. मी नाय म्हणू?"

डॉक्टर म्हणाले, हृदयाचं होतं, वय होतं, साखर होती, नुसत्या उपवासाने असं म्हणता येणार नाही. बरोबर असेल. मी फक्त एवढं सांगते की मी वॉर्डातल्या मावशींपासून सरांच्या ओरडण्यापर्यंत सगळ्यांचा हिशोब काढत होते आणि माझ्याच घरातला एक हिशोब मला कुणी काढू दिला नाही. काय काम करतेस विचारलं तर घरीच असते. काय खाल्लंस विचारलं तर माझं झालंय. दोन्हीकडून दार लावून घेतलं होतं तिने. मी आईवर अजून चिडलेली आहे. फोटोसमोर उभी राहून भांडते. आई, शरीर असं चालत नाही. एकीच्या अंगावरचं उतरून दुसरीच्या अंगाला लागत नाही, मी स्वतः शिकलेय, मॅडमना विचार. आणि मग काट्यावर उभी राहते तेव्हा काटा तिच्याच बाजूने बोलतो. ती उतरत गेली आणि मी चढत गेले. याला काय म्हणायचं ते मला कुणीतरी सांगा.

एक गोष्ट मात्र मी काकीला पुन्हा पुन्हा विचारली. शेवटच्या दिवशी, मला भेटायला येण्याआधी, आई खरंच जेवली होती का?

"जेवली गो. देवाशप्पथ. माझ्याकडेच बसली. म्हणाली, शुभे, आपरेशन झालं पोरीचं, आता वाढ. ताजे बांगडे मिळाले होते, त्यांचं तिखलं केलेलं. भात दोनदा घेतला. बोटं चाटली."

म्हणजे तेवढं एक 'माझं झालंय' खरं होतं. मी ते धरून बसले आहे. दुसरं धरायला काही नाही.

तिची बांगडी आता माझ्या हातात आहे. आत दोरा तसाच आहे. घट्ट होते, हाताला वळ उठतो. काकी म्हणते, दोरा काढ. मी काढणार नाही.

मॅडमनी आता एक सुरू केलंय, ते इथे सांगून ठेवते, कारण उपयोगी काही असेल तर हेच आहे. नवीन पेशंट आला की त्या सोबत आलेल्या बाईलाही काट्यावर उभं करतात. चपला काढायला लावतात. 'घरीच असते' म्हटलं तर विचारतात, घरीच म्हणजे काय काय? तुमच्याकडे कुणी आजारी असेल आणि त्याचं करणारं कुणी असेल, तर त्याला जेवलास का म्हणून विचारू नका. समोर बसवा आणि बघा.

ताट

आई गेल्यावर मला भूक लागेना. आतडं मोकळं झालं होतं, गोळ्या चालू होत्या, काही दुखत नव्हतं, आणि काटा परत उतरायला लागला. चाळीसच्या खाली आला. रडायलाही खर्च येत असणार. किती धरायचा ते मॅडमना विचारायचं राहून गेलं.

एका दुपारी गॅलरीतून काकीची हाक आली, "वंदू, जेवलंस गो?"

मी आतून म्हटलं, "माझं झालंय."

आवाज आईचा होता. शब्द तेच, वर ती शेवटी जराशी चढणारी लकेर, पुढे काही विचारू नका अशी. माझी मीच दचकले.

काकी आत आली. सरळ ओट्यापाशी गेली आणि भाताच्या टोपावरचं झाकण उचललं. टोप कोरडा होता, सकाळपासून तांदूळ धुतलेच नव्हते. ती गेली आणि ताट वाढून घेऊन आली. भात, वर आमटी. माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"आईक मी व्हय म्हणालंय," ती म्हणाली, "तुका नाय म्हणाचंय. जेव. मी हयसर बसलंय."

आईला हो म्हणाले, तुला म्हणणार नाही. मी जेवले. रडत जेवले, सावकाश, घास घास चावून. काकी उठली नाही. आमटी संपली, भात संपला, कडेची शितंसुद्धा बोटाने गोळा करून खाल्ली. मग पाणी प्यायले आणि म्हटलं, "झालं काकी माझं."

"ताट दाखव," काकी म्हणाली.

मी दाखवलं.